बुचाची पिल्लं

पहाटेची नमाज झाली की जैतुनबी मागच्या दारी यायची, चपला पायरीवर काढायची आणि अनवाणी परसात उतरायची. चूल नंतर, चहा नंतर. थंडी असो, चिखल असो, पावलं आधी मातीला लागायची. नाशकातल्या कथडा मोहल्ल्यातल्या बायकांना वाटे, दवात चाललं की डोळे निवतात, म्हणून म्हातारी चालत असेल. सून रेहाना हिला आधी वाटलं, अम्मा चालताना पुटपुटतात ती दुआ असणार. पण ती दुआ नव्हती. जैतुनबी शिव्या देत असायची, आणि त्या सगळ्या एका झाडाच्या मुळांना असायच्या.

त्या बुचाच्या झाडाचा फुटवा उगवण्याआधी वरची माती किंचित उचलतो. डोळ्यांना ते दिसत नाही, टाचेला कळतं. उकडलेल्या बटाट्यावर पाय पडावा तशी तिथली जमीन दबते. असं काही पायाखाली लागलं की जैतुनबी तिथंच फतकल मारून बसायची आणि कमरेला खोचलेलं खुरपं काढायची.

ही सवय तिला जन्मापासून नव्हती. ती लागली एकतीस-बत्तीस सालच्या सुमारास, आणि लागली ती एका गुलाबाच्या वाफ्यापायी.

घर लहान होतं. पुढे पडवी, दोन खोल्या, एक मोरी. पण परस चांगलं लांबलचक, पार नाल्यापर्यंत गेलेलं. त्याच्या मधोमध गुलाबाचा वाफा होता. झुडपं ठेंगणी, काटेरी, दिसायला गरीब. फूल मात्र उघडलं की वास भिंतीपलीकडे लंकाबाईच्या मेथीपर्यंत जायचा. जैतुनबीचं लग्न होऊन ती नाशकात आली तेव्हा निफाडला तिच्या आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून चार फांद्या टांग्यात ठेवल्या होत्या. सगळा वाफा त्या फांद्यांचा. चैत्रात पाकळ्या आणि खडीसाखर थरावर थर बरणीत भरायची, तोंडाला मलमल बांधायची आणि बरणी उन्हात ठेवायची. मग वर्षभर कुणाच्या पोराला गोवर येऊन गेला, कुणा बाळंतिणीच्या तळपायांची आग झाली, की कुणीतरी वाटी घेऊन दारात उभं. जैतुनबी चमचा बुडवायची आणि वाटीच्या काठावर निपटून घ्यायची. "रिकामी वाटी परत पाठवू नको, धुऊन पाठव," एवढंच म्हणायची.

आणि परसाच्या टोकाला, नाल्याच्या बाजूला, बूच. नवरा इनायत कल्हई करायचा. पंचवटीतल्या एका बंगल्यावर भांडी कल्हई करायला गेला, तेव्हा तिथल्या माळ्यानं त्याला हे रोप दिलं. त्याच वर्षी कादर जन्मला. रोप आणि पोरगा बरोबरीनं वाढले, पण रोपानं पोराला केव्हाच मागे टाकलं. पाऊस सरता सरता झाडाला लांब देठांची पांढरी फुलं यायची. रात्रीतून ती खाली पडायची आणि सकाळी परसावर कुणी चादर वाळत घातल्यासारखी दिसायची. इनायत त्यातली दोन-चार उचलायचा, कोळशाच्या पोत्याशेजारी ठेवायचा आणि भाता ओढत बसायचा. तो गेला, त्याला चार वर्षं झाली होती. फुलं पडतच होती.

त्रास फुलांचा नव्हता, मुळांचा होता. बुचाची मुळं खोल जात नाहीत. जमिनीखाली वीतभरावर आडवी धावतात आणि जागोजागी वर पिल्लू काढतात. गल्लीत म्हणायचेच, बुचाची पिल्लं. आधी झाडाजवळ निघाली. मग वाफ्याच्या कडेला. मग गुलाबाच्या अगदी बुंध्यातून, कुणी मुद्दाम लावल्यासारखी. गुलाबाची पानं पिवळी पडायला लागली, फुलं रुपयाएवढी होती ती पावलीएवढी झाली.

जैतुनबी विळा घेऊन बसायची आणि प्रत्येक पिल्लू जमिनीसपाट कापायची. आठ दिवसांनी तिथं दोन. ती दोन कापली की चार. ती काही वाया घालवणारी बाई नव्हती. कापलेल्या फांद्यांतल्या जाडसर सरळ बघून तिनं घेवड्याच्या वेलांना टेकू म्हणून रोवल्या. श्रावणात एका सकाळी भिंतीवरून लंकाबाईचं डोकं वर आलं. तिचं माळ्याचं घर, परसात मेथी-कोथिंबीर, आणि तोंड सदा चालू.

"भाभी, घेवडा लावलाय का बुचाची बाग?"

"का गं?"

"बघा की. वेल राहिला खाली अन् टेकूलाच पालवी आली. लय माया लावता बाई तुमी."

जैतुनबीनं वळून पाहिलं. एकूणएक टेकू हिरवागार झाला होता. तिनं एक उपटून पाहिला, तर त्याला खाली पांढऱ्या मुळ्या सुटलेल्या.

"हसू नको," ती म्हणाली. "तुझ्या मेथीत गेला की मी हसेन."

कादर तेव्हा नाशिक रोडच्या छापखान्यात कामाला होता. रोज सायकलवर जायचा-यायचा. माणूस सरळ, आईवर जीव असलेला, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची घाई. एका सुट्टीच्या दिवशी त्यानं बैलगाडीतून शहाबादी फरश्या आणल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या.

"अम्मा, आता हे रोजचं खुरपणं पुरे. सगळं परस फरसबंद करून टाकू. रेहानाला कपडे वाळत घालायला जागा होईल, पापड होतील. तुझी कंबर बघ."

"माझी कंबर माझ्याकडे आहे. गुलाब?"

"कुंडीत लाव."

"तुझ्या नानीनं कुंडी दिली नव्हती. फांद्या दिल्या होत्या."

फरश्या भिंतीशी तशाच राहिल्या. पण गोष्ट कादरच्या डोक्यातून गेली नाही.

पावसाळ्याच्या शेवटी जैतुनबीला निफाडला जावं लागलं. तिची मुलगी अमिना बाळंत व्हायची होती. तिथं नातू झाला. बाळंतिणीचे चाळीस दिवस उरकून ती परत आली तेव्हा टांग्यातून उतरतानाच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरामागचं आभाळ मोठं झालं होतं.

ती पडवीतून, खोल्यांतून तशीच मागच्या दाराशी गेली. बूच नव्हता. नाल्याच्या कडेला गुडघ्याएवढा बुंधा होता आणि त्याच्याभोवती भुसा.

कादर मागून आला. चेहरा उजळलेला. "लाकडं फोडणाऱ्या पुंजाकडून पाडून घेतलं. तू म्हणालीस ना, फरशी नको. म्हटलं मग पिल्लांची आईच काढून टाकू. झाड गेलं की पिल्लं कुठून येणार?"

जैतुनबी बुंध्यापर्यंत गेली. त्यावर हात ठेवला. साल अजून ओली होती, मऊ होती. पडलेल्या फुलांपैकी काही भुशात अडकली होती, तपकिरी होऊन.

"अम्मा, काही बोल तरी."

"चहा टाक म्हणावं रेहानाला," ती म्हणाली.

पंधरा दिवस परस शांत राहिलं. कादर रोज संध्याकाळी सायकल लावताना मागच्या दारात डोकावून जायचा, जिंकलेल्या माणसासारखा. मग एका आठवड्यात सगळीकडून पिल्लं वर आली. वाफ्यात, वाटेवर, घेवड्यात, चुलीच्या राखेच्या ढिगात. भिंतीपलीकडे लंकाबाईच्या मेथीतही. वर झाड उरलं नव्हतं, तेव्हा खालचं प्रत्येक मूळ स्वतःच झाड व्हायला निघालं होतं.

"भाभी!" भिंतीवरून हाक आली. "आता हसा. आली माझ्यात."

जैतुनबी हसली नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी रेहाना मोरीतून ओरडली. मोरीच्या कोपऱ्यातला एक दगड तिरका झाला होता आणि त्याच्या फटीतून करंगळीएवढा फिकट कोंब वर आला होता. त्याला अजून हिरवा रंगही नव्हता. कादर ड्यूटीला निघाला होता. सायकल तशीच धरून तो मोरीच्या उंबऱ्याशी आला.

"दगड उचलला त्यानं," तो म्हणाला.

"तुझी फरशीही उचलेल," जैतुनबी म्हणाली. "वजन म्हणून वर तू बसून राहणार आहेस का?"

रेहानानं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. पण कादर आता घाबरला होता. मोरीनंतर घराची भिंत होती. संध्याकाळी तो पुंजाला घेऊन आला. लाकडं फोडणारा पुंजा परसभर हिंडला, बिडी कानावर खोचली आणि म्हणाला, "खडं मीठ आणा. दोन गोण्या पसरा, वरून पानी सोडा. एक पान दिसलं तर नाव बदलीन."

"आणि गुलाब?" जैतुनबीनं विचारलं.

पुंजा घुटमळला. "त्यो बी जाईल, भाभी. मीठ काय वळखून मारतं व्हय?"

"मग नाव बदलू नको, पुंजा. चांगलं आहे."

पुंजा गेला. कादर ओट्यावर बसला आणि खाली बघत म्हणाला, "अम्मा, मी तुझ्याशी भांडत नाही. पण घर पडलं तर गुलाब काय कामाचा? चैत्रापर्यंत थांबतो. चैत्रात तुझ्या वाफ्यातून गुलकंदाची बरणी भरली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही भरली, तर मीठ पडेल आणि वर फरशी."

"चैत्रापर्यंत," जैतुनबी म्हणाली. तिनं घासाघीस केली नाही. तिला माहीत होतं, तो खोटं बोलत नव्हता. भिंत खरंच जाऊ शकत होती.

दुसऱ्या दिवशी ती विळा घेऊन गेली नाही. मोरीचं पाणी वाहून जायचं तिथं माती सदा मऊ असायची. तिथल्या एका पिल्लाशी ती खुरपं घेऊन बसली. आजवर जे वर दिसत होतं तेवढंच तिनं कापलं होतं, खाली काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. माती बाजूला करत गेली, तर वीतभरावर अंगठ्याएवढं जाड मूळ लागलं, जमिनीशी आडवं, पडलेल्या दोरासारखं. त्या मुळावर जागोजागी गाठी होत्या. प्रत्येक गाठीतून मूठभर कोंब निघालेले. तिनं एका गाठीवरची माती बोटानं पुसली. त्यावर तिरपी खूण होती, जुनी, काळी पडलेली. विळ्याची. दुसऱ्या गाठीवरही तशीच. इतकी वर्षं ती झाड कमी करत नव्हती, छाटून छाटून दाट करत होती.

ती उठली. मग एका पायानं मूळ दाबून धरलं, एक कोवळं पिल्लू बुडाशी धरलं आणि बाजूला खाली ओढलं. ते तुटलं नाही. मुळाला जोडलेल्या आपल्या टाचेसकट सुटून आलं, खुब्यातून हाड निघावं तसं. मुळावर वाटीसारखी छोटी खोबण राहिली. तिनं ती जागा झाकून टाकली आणि वर एक खापरी ठेवली.

त्यानंतर रोज सकाळी ती चपला काढून त्या खापरीपर्यंत जायची आणि पायानं जमीन चाचपायची. विळ्यानं कापलेल्या जागी आठव्या दिवशी माती उचलली. खापरीजवळची सपाट राहिली. आणखी आठ दिवस गेले, तरी सपाट.

तेव्हा तिनं रेहानाला हाक मारली. "पदर खोच. आपल्याला गुलाब उपटायचा आहे."

रेहाना बघतच राहिली. "ज्याच्यासाठी एवढं, तोच उपटायचा?"

"त्याच्या पायात बुचाची मुळं शिरलीत. तो तिथं असेपर्यंत ती निघत नाहीत."

थंडी पडली होती. झुडपं छाटली, भोवती पाणी सोडून माती भिजवली आणि पहारीनं एकेक झुडूप उचललं. प्रत्येकाच्या मुळांच्या जाळ्यात बुचाचं एखादं मूळ सुईतल्या दोऱ्यासारखं ओवलेलं होतं. जैतुनबी ते बोटांनी सोडवायची, लेकराच्या केसांतला गुंता सोडवावा तसं. लावायला कुंड्या नव्हत्या. मग तिनं माळ्यावरून इनायतची भांडी खाली घेतली. लोकांनी कल्हईला टाकलेली, इतकी गळकी की तो म्हणायचा, यांना कल्हई नको, कफन पाहिजे. घंगाळं, देगच्या, परातीही. मालक कधी परत आलेच नव्हते.

भिंतीवर लंकाबाई. "अगं बाई! गुलाब काढला? भाभी, डोकं फिरलं का तुमचं? थंडीत मरंल की."

"मरेल तो मरेल. उरेल तो माझा."

"अन् घंगाळात लावता? न्हाऊ घालताय जनू."

"गळकं आहे. रोपाला गळकंच बरं, पाणी साचत नाही. तू तोंड बंद कर आणि चाळण दे तुझी."

चाळण आली, आणि चाळणीमागोमाग लंकाबाईही आली. तिच्या मेथीचाही प्रश्न होताच. वाफ्याची माती पार खालपर्यंत खणायची, चाळायची, मुळाचा तुकडा सापडला की बाजूला टाकायचा. बोटभर तुकडाही नाही सोडायचा. टेकूंचा धडा जैतुनबी विसरली नव्हती. तुकडे ती पत्र्यावर वाळवायची आणि चुलीत घालायची. त्या हिवाळ्यात घरचा चहा बुचाच्या मुळांवर व्हायचा. धूर फार, पण रेहाना म्हणायची, चहाला चव वेगळीच येते.

वाफा साफ झाला, पण भोवतीची मुळं परत आत येणारच होती. वाफ्याभोवती चर खणायला हवा होता, आणि तो बायकांच्या हातानं होण्यातला नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी कादर उशिरा उठून बाहेर आला. आई चरात उभी होती, हातात कुदळ, आणि चर घोट्यापर्यंतही आला नव्हता. तो चरापाशी आला.

"अम्मा, झाड मी पाडायला नको होतं."

"हो."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते दिसतंय चहूकडे. आता खण."

त्यानं कुदळ घेतली. दुपारपर्यंत चर गुडघाभर झाला. कापलेल्या मुळांची तोंडं दोन्ही बाजूंना पांढरी दिसत होती. घाम पुसत तो भिंतीशी टेकवलेल्या फरश्यांवर जाऊन बसला. रेहाना त्याला चहा द्यायला आली आणि कपबशी हातात तशीच धरून फरश्यांकडे बघत राहिली.

"ह्या आडव्या टाकायच्याऐवजी उभ्या लावल्या तर? चरात?"

कादरनं उठून फरशीची उंची हातानं मोजली. जैतुनबीनं सुनेच्या हातातला कप घेतला आणि एक घोट स्वतःच प्यायली. तिच्या घरात एवढी शाबासकी पुष्कळ होती.

फरश्या एकीला एक चिकटवून चरात उभ्या राहिल्या, सांधे चुन्यानं बुजवले. माघात गुलाब परत वाफ्यात गेला. काही झुडपं वाळून गेली होती. उरलेली काटक्यांसारखी उभी होती, आणि लंकाबाईही त्यांची थट्टा करत नव्हती.

फाल्गुनात लालसर पालवी आली. चैत्रात कळ्या आल्या, पण मोजक्या. जैतुनबी रोज सकाळी ओंजळ घेऊन जायची आणि पाकळ्यांनी ओंजळीचा तळच तेवढा झाकला जायचा. कादर विचारत नव्हता. विचारायला नको म्हणून मागच्या दारीही येत नव्हता. फडताळावर गुलकंदाची मोठी चिनी मातीची बरणी धुऊन उपडी घातलेली होती. आठवडाभराच्या पाकळ्यांनी तिचा तळही भरला नसता.

चैत्र सरत आला तेव्हा एका संध्याकाळी कादर जेवायला बसला. जैतुनबीनं त्याच्या ताटाशेजारी लिंबाच्या लोणच्याची चिमुकली बरणी ठेवली. तोंडाला मलमल होती. तिनं ती सोडली. आत काठोकाठ गुलकंद, गडद, चकाकणारा.

"भरली," ती म्हणाली.

कादरनं बरणीकडे पाहिलं, मग फडताळावरच्या मोठ्या बरणीकडे.

"अम्मा, ही बरणी?"

"बरणी भरायला हवी म्हणालास. केवढी ते कुठं म्हणालास?"

रेहाना इतकी हसली की तिला ठसका लागला. कादरनं चमच्याच्या टोकावर थोडा गुलकंद घेतला, जिभेवर ठेवला आणि मान डोलावली. मिठाची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

पिल्लं मात्र निघत राहिली. फरशीच्या बाहेर, वाटेवर, कधी मोरीपाशी. म्हणून तर जैतुनबीचं अनवाणी चालणं सुटलं नाही. कोवळं असताना टाचेसकट ओढलं की पुढं काही उरत नाही, दोन आठवडे राहू दिलं की कुदळ लागते, एवढंच तिचं शास्त्र. वर्षागणिक ती कमी होत गेली. दर चैत्रात बरणी बदलत गेली आणि पुढे कधीतरी फडताळावरची मोठी बरणी खाली आली.

फक्त एकाला तिनं हात लावू दिला नाही. जुन्या बुंध्याच्या अंगातूनच एक जाड फुटवा सरळ वर गेला होता. रेहाना खुरपं घेऊन त्याच्याकडे निघाली, तेव्हा जैतुनबी म्हणाली, "तो राहू दे. तो त्याच्या जागी आलाय." पाच-सहा वर्षांत तो कौलांच्या वर गेला आणि एका पावसाळ्याच्या शेवटी परसात पुन्हा पांढरी फुलं पडली. त्या सकाळी ती शिव्या न देता चालली.

अडतीस सालच्या पौषात तिला ताप आला. चार दिवस अंगावर काढला आणि पाचव्या दिवशी तिला उठवेना. निफाडहून अमिना आली होती. लंकाबाई भिंतीवरून न बोलता पुढच्या दारानं येऊन बसली होती. संध्याकाळ झाली तशी रेहाना वाळलेले कपडे काढायला मागच्या दाराकडे निघाली. बाजेवरून जैतुनबीनं मान वळवली.

"वाफ्याकडून जाणार ना? मग चपला पायरीवर ठेव. आणि येताना खुरपं आत आण, दवानं गंजतं ते."